म्हसोबापासची माती

परभणी,
शुक्रवार, ४ ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप बापू यांस,
भुजंगचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपण राणीसावरगावहून एसटीने पाठविलेली घटाची माती मंगळवारी सायंकाळी सुखरूप मिळाली. आपल्या रानातील माती आणून परभणीच्या या घरी घट बसविण्याचे हे एकविसावे वर्ष. गुरुवारी सकाळी घट बसले. गहू रुजत आहे. येथवर सर्व ठीक आहे.

पुढील मजकूर मात्र ठीक नाही. आमच्या सौ. सुमंगलेने माती नेहमीप्रमाणे चाळली. चाळणीत खडे राहिले, काडीकचरा राहिला आणि त्याखेरीज त्रेचाळीस तुकडे राहिले. ते प्लास्टिकचे आहेत. मी ते चिमट्याने वेगळे केले, धुतले, वाळविले आणि एका पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटविले. सतरा सोनेरी, अकरा निळे, नऊ पारदर्शक आणि सहा हिरव्या दोऱ्याचे. सर्वांत मोठा तुरीच्या डाळीएवढा, सर्वांत लहान खसखशीएवढा. खसखशीहून लहान असतील ते मी मोजलेले नाहीत; ते नाहीत, असे माझे म्हणणे नाही. मातीचे वजन दोन किलो होते.

हा विषय दूरध्वनीवर काढला नाही, कारण दूरध्वनीवर आपण "हो, हो" म्हणता आणि त्या "हो"ला तारीख नसते. तरी हे तुकडे आपल्या रानात कोठून आले, ते कृपया लेखी कळवावे.

सौ. गीतावहिनींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक चुलतबंधू,
भुजंग

ता. क. वसाहतीच्या गणपतीचे निर्माल्य खत तयार आहे. नेहमीप्रमाणे चार पोती दिवाळीपूर्वी रवाना करीन.


राणीसावरगाव,
९ ऑक्टोबर

भुजंगभाऊजी, नमस्कार.

पत्र मिळालं. तुमचे बापू चष्मा शोधायलेत म्हणून मीच लिहायलेय. चष्मा त्यांच्या डोक्यावरच हाय, पण मी सांगितलं न्हाई. सांगितलं तर ते उत्तर लिहितील, आन् त्यात "हो" एवढंच आसंल.

तुकड्यांचं सांगते. सोनेरी म्हणाल तर उन्हाळ्यात रस्त्यानं वराती जातात. बँडवाल्यांच्या टोप्यांना झालर आसती. वारं सुटलं की उडती. निळं म्हणाल तर कुणाच्या तरी टाकीचं झाकण आसंल. हिरवा दोरा गोफणीचा. पारदर्शक म्हणाल तर जे दिसतच न्हाई त्याचं मी काय सांगू.

आता कामाचं ऐका. २० नोव्हेंबरला सेंद्रिय गटाचे लोक आपल्या रानात तपासणीला येणार हाईत. तीन वर्षं झाली, रानात ना औषध गेलं ना युरिया. दोन एकर हळद कमरेच्या वर गेलीय. पास झालो तर यंदा पयल्यांदा सेंद्रियचा दाखला मिळतोय. काय निघालं तर मोजणी परत पयल्यापासून, आणखी तीन वर्षं. तुमच्या बापूंना अडुसष्टावं चालू हाय. आडवं पडून दम घेत घेत खुरपणी केलीय त्यांनी, मजूर लावले तरी सोता केलीय. दाखला भिंतीला लावायला खिळासुद्धा ठोकून ठेवलाय.

तवा तुमचा पुठ्ठा घरात ठेवा. गटाच्या धम्मानंदभाऊंना तर काही बोलूच नका. त्यो माणूस तुमच्यासारखाच हाय.

सुमंगलाला म्हणावं गहू छान येऊ दे.

तुमची वहिनी,
गीता


परभणी,
सोमवार, १४ ऑक्टोबर

सौ. गीतावहिनींस,
सादर नमस्कार.

आपले पत्र दसऱ्याच्या दिवशी मिळाले. गहू वीतभर आला होता.

आपल्या स्पष्टीकरणांवर मी विचार केला. आपले रान रस्त्यापासून सुमारे सहाशे पावले आत आहे. वरातीची झालर तेथपर्यंत उडू शकेल, हे मान्य. परंतु घटाची माती आपण वरवरची काढीत नाही, चार बोटे खणून घेता. उडून आलेली झालर चार बोटे खाली स्वतःहून जाणार नाही. गोफणीचा दोरा मी पाहिलेला आहे. तो सुती असतो आणि कुजतो. हे सहाही दोरे कुजलेले नाहीत.

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात मी अधीक्षक असल्याने प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मला नाही म्हणत नाहीत. तेथील बाईंनी चिमूटभर माती पाण्यात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मी स्वतः पाहिले. त्या चिमटीत धाग्यांसारखे नऊ तुकडे होते, जे माझ्या चाळणीने आणि माझ्या डोळ्यांनी सोडून दिले होते. बाई म्हणाल्या की यास सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात, ते मातीत कुजत नाही, नुसते बारीक होत जाते आणि गांडुळे ते मातीबरोबर गिळतात. मी विचारले, पुढे काय होते. त्या म्हणाल्या, "पुढे ते गांडुळात असते."

माझा अंदाज असा की शेजारच्या टरबुजाच्या रानात तण येऊ नये म्हणून अंथरलेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर फाटून, नांगरला जाऊन आपल्या बांधाकडे आला असावा. चंदेरी कागद उन्हाने पिवळा पडून सोनेरी दिसू शकतो.

श्री. धम्मानंद यांना न सांगण्याबाबतची आपली सूचना मला मिळाली त्यापूर्वी आठ दिवस मी त्यांना लिहिले होते. गटाचा अर्ज तीन वर्षांपूर्वी माझ्याच हस्ताक्षरात भरलेला आहे. त्या अर्जाशी विसंगत असे काही आढळल्यास कळविणे मला भाग होते. पत्रात त्रेचाळीस हा आकडा आणि रंगवार तपशील दिला आहे. इतर काही लिहिलेले नाही.

आपला,
भुजंग


राणीसावरगाव,
२१ ऑक्टोबर

भाऊजी,

काल सकाळी धम्मानंदभाऊ आले. मी च्या ठेवला. च्या पिऊन, बशी पालथी घालून, मग त्यांनी खिशातनं तुमचं पत्र काढलं.

"गीताबाई, हे त्रेचाळीस म्हणजे नेमके त्रेचाळीसच का?"

मी म्हणले, "भुजंगभाऊजींनी मोजलेत. चव्वेचाळीस असूच शकत न्हाईत."

"आले कुठून?"

"शेजारच्या टरबुजाचा कागद आसंल. भाऊजींचंबी तसंच म्हणणं हाय."

"टरबुजाला सोनेरी कागद कोण हातरतंय?"

"श्रीमंत टरबूज आसंल."

ते हसले न्हाईत. वहीत लिहून घेतलं. टरबूज, असं.

मग त्यांनी नेम सांगितला. शेजाऱ्याच्या रानातनं आलं आसंल तर आपल्याला नुसती ताकीद, साफ करून द्यायचं. आपण सोता बाहेरून आणून टाकलं आसंल तर दाखला न्हाई, परत तीन वर्षं. आन् बाहेरचं म्हणजे शेहरातल्या कचऱ्याचं खत आसंल तर त्यात इचारायचंच न्हाई. २० तारखेला सगळे मिळून ठरवतील.

तुमचे बापू तिथंच बसले व्हते. धम्मानंदभाऊ गेले तसे उठून हळदीत जाऊन बसले. हळद एवढी वाढलीय की बसलेला माणूस दिसत न्हाई. जेवायला हाका मारीत सरीसरीनं हिंडावं लागलं. सापडले तर म्हणतात कसे, "मी इथंच तर हाय."

भाऊजी, तुमी कळवलं ते कळवलं. आता एवढंच करा. टरबुजाच्या कागदाचा तुमचा अंदाज लिहून, सही करून धम्मानंदभाऊंना पाठवा. तुमच्या सहीवर त्यांचा इश्वास हाय.

आन् यंदा ती चार पोती पाठवू नका. ठेवायला जागा न्हाई.

गीता


परभणी,
रविवार, ३ नोव्हेंबर

सौ. गीतावहिनींस,
सादर नमस्कार.

दिवाळीच्या शुभेच्छा प्रथम लिहावयास हव्या होत्या. त्या येथे लिहिल्या आहेत असे समजावे.

आपल्या विनंतीनुसार टरबुजाच्या कागदाबाबतचे पत्र मी तयार केले होते. ते टपालात टाकण्यापूर्वी पाडव्याच्या दिवशी सुमंगला माझे टेबल आवरीत होती. तिने तुकडे चिकटविलेला पुठ्ठा उचलला.

"हे कशाला जपून ठेवलंय?"

मी म्हणालो, "रानातल्या मातीतला पुरावा आहे."

"पुरावा कसला? ही आपल्या गणपतीच्या हाराची जर आहे. निळं ते अगरबत्तीच्या पुड्यावरचं. आणि हिरवं ते खोट्या दुर्वांचं. तुम्हीच घाऊक आणल्या होत्या, आठवतं का?"

मला आठवले. मी खाली गेलो, आपल्याकडे पाठविण्यासाठी शिवून ठेवलेल्या चार पोत्यांपैकी एक उसवले आणि दोन किलो खत त्याच चाळणीने चाळले. तीनशे अठरा तुकडे निघाले. सोनेरी सर्वांत जास्त, त्याखालोखाल निळे, मग पारदर्शक, मग हिरवे दोरे. क्रम तोच आहे.

वसाहतीत निर्माल्याचा चुरा करणारे यंत्र माझ्या आग्रहावरून २०१६ साली घेण्यात आले. त्याचे उद्घाटनही माझ्या हस्ते झाले. हे यंत्र फूल आणि फुलासारखे दिसणारी वस्तू यांत फरक करीत नाही. ते दोन्ही सारखेच बारीक करते. आठ वर्षे ते काम करीत आहे आणि आठ वर्षे मी दरवर्षी चार पोती आपल्याकडे पाठवीत आहे. एकूण बत्तीस.

टरबुजाच्या कागदाचे पत्र मी टाकलेले नाही.

मला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे आहे. ती बत्तीस पोती आपण हळदीत टाकली का?

आपला,
भुजंग


राणीसावरगाव,
८ नोव्हेंबर

भाऊजी,

इचारलंच हाय तर सांगते. हळदीत एक मूठ न्हाई टाकली.

तुमच्या पोत्यावर तुमच्याच अक्षरात चिठ्ठी आसती. "पवित्र निर्माल्यापासून तयार. पायदळी येऊ देऊ नये." पयल्या वर्षी मी ती मालकाला, तुमच्या बापूंना, वाचून दाखवली. म्हणले, रानात टाकलं तर माणसाचा पाय लागणार, बैलाचा लागणार, ट्रॅक्टरला पाय न्हाईत पण चाक तर लागणारच. मग पाय लागत न्हाई अशी जागा कुठली? रानाच्या कोपऱ्यातल्या म्हसोबापासली. तिथं कुणी चप्पल घालून जात न्हाई, नांगर जात न्हाई, शेळीसुद्धा हाकलतो आपण. बत्तीसच्या बत्तीस पोती तिथंच वतली. दर वर्षी मी वतायचे, मालक हात जोडायचे.

आन् घटाची माती म्हसोबापासलीच घ्यायची, हे सासूबाईंनी घालून दिलेलं. तुमच्या घरी येती ती तीच. म्हणजे तुमचंच तुम्हाला पोचलं.

आधी दिसलं न्हाई का, म्हणाल. दिसलं. दुसऱ्या वर्षीच जर चमकायला लागली. मला वाटलं, देवाचं हाय, देवापाशी ऱ्हाऊ दे. पाच-सहा वर्षं मी घटाची माती देताना वरचं वरचं येचून काढायचे. यंदा गुडघा धरला म्हणून खाली बसता आलं न्हाई, तशीच बांधून दिली.

तुम्हाला का सांगितलं न्हाई? तुमी आले की आधी इचारायचे, "वहिनी, खत कसं आहे?" तोंडाकडं बघायचे. मी म्हणायचे, लय चांगलं. खोटं न्हाई बोलले, तिथलं गवत येऊन बघा.

आता गोष्ट एवढीच हाय. हे कळलं तर शेहरातल्या कचऱ्याचं खत म्हणून दाखला गेला. त्या कोपऱ्याचा न्हाई, सगळ्या दोन एकराचा. हळदीला काही ठाव न्हाई, हळदीचा काही गुन्हा न्हाई. तुमी दोन ओळी लिहा, टरबुजाचा कागद व्हता म्हणून. मी आजपातुर तुम्हाला काही मागितलं न्हाई.

बापूंना हे पत्र लिहिलेलं ठाव न्हाई. ते म्हणतात, "भुजंगला काही लिहू नको, त्याला वाईट वाटंल."

गीता


परभणी,
मंगळवार, १२ नोव्हेंबर

श्री. धम्मानंद यांस,
सचिव, सेंद्रिय शेतकरी गट, राणीसावरगाव.
सप्रेम नमस्कार.

माझ्या ४ ऑक्टोबरच्या पत्रास जोडून पुढील निवेदन करीत आहे. ते २० तारखेच्या सभेत वाचून दाखवावे.

कळविलेले त्रेचाळीस तुकडे शेजारच्या रानातून आलेले नाहीत. ते परभणीच्या आमच्या वसाहतीतील निर्माल्य खतातून आलेले आहेत. हे खत २०१६ पासून दरवर्षी चार पोती या प्रमाणात मी स्वतः पाठविले. बापूंनी ते मागितलेले नव्हते. सौ. गीताबाईंनी ते हळदीच्या रानात न टाकता म्हसोबाच्या कोपऱ्यात ओतले, कारण ते पायदळी येऊ देऊ नये अशी लेखी सूचना माझीच होती. टरबुजाच्या कागदाचा तर्क मुळात माझा होता. तो चुकीचा होता.

आपल्या गटाच्या अर्जात "या रानात बाहेरून काहीही आणले जात नाही" असे वाक्य आहे. ते माझ्या हस्ताक्षरात आहे. ज्या आठवड्यात ते लिहिले त्याच आठवड्यात मी चार पोती रवाना केली होती. निर्माल्य हे बाहेरचे आहे, किंवा तो कचरा आहे, असे त्या वेळी माझ्या मनात आले नाही. आजही निर्माल्याला कचरा म्हणताना मला अडचण वाटते. परंतु दोन किलोत तीनशे अठरा तुकडे असलेल्या पदार्थास दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

विनंती एवढीच की म्हसोबाचा कोपरा आणि हळदीचे रान यांची माती वेगवेगळी घेऊन, दोन्ही एकाच पद्धतीने चाळून पाहावी. एका कोपऱ्यावरून दोन एकरांचा निर्णय होऊ नये. पद्धत सोबत लिहून दिली आहे. माती गोळा करताना प्लास्टिकची पिशवी, नायलॉनची चाळणी किंवा खताचे रिकामे पोते वापरू नये. अन्यथा मोजणाराच भर घालतो.

आपला,
भुजंग

प्रत: सौ. गीतावहिनी. वहिनी, आपल्या दोन ओळी लिहिण्यासाठी मी सलग तीन दिवस सकाळी कागद घेऊन बसलो. ओळी लिहून होत होत्या, सही होत नव्हती. मला क्षमा करणे शक्य नसल्यास तसे कळवावे.


राणीसावरगाव,
२६ नोव्हेंबर

आदरणीय भुजंगराव,
सविनय जयभीम.

२० तारखेच्या सभेत आपले निवेदन मी पूर्ण वाचले. मग एका सभासदाने विचारले की ही पद्धत नेमकी कशी आहे, आणि ती आपल्या रानात लागू पडते का. मी म्हणालो, लागू पडतेच, माती सगळ्यांकडे आहे.

म्हणून निर्णय पुढे ढकलून गटातील सातही रानांची माती सुती पिशवीत घेऊन, गीताबाईंच्या पितळी चाळणीने चाळली. गीताबाईंनी चाळणी दिली. मग बाजूला जाऊन बसल्या.

बापूंच्या हळदीत दोन किलोत चार तुकडे निघाले. माझ्या रानात अकरा. माझे कोठून आले हे मला लगेच कळले: फुटक्या ठिबकच्या नळ्या मी बांधावर टाकतो, आणि शेणखत ज्या प्लास्टिकच्या पोत्यांतून वाहतो ती पोती दरवर्षी झिजतात. पोते झिजते म्हणजे काय होते, याचा मी कधी विचार केला नव्हता. सर्वांत मोठा आकडा सव्वीस आला. त्या सभासदाने नाव न लिहिण्याची विनंती केली आहे. शून्य कोणाकडेच नाही. सर्वांत लहान आकडा बापूंचा आहे.

नियम अक्षरशः लावला तर गटात एकही रान उरत नाही. गट विसर्जित करावा, असा ठराव मी सचिव म्हणून मांडला. त्याला अनुमोदक मिळाला नाही. तेव्हा दुसरा ठराव झाला: प्रत्येक रानाचा आकडा दाखल्याच्या वहीत लिहायचा, दरवर्षी मोजायचा आणि तो वाढला तर दाखला थांबवायचा. खसखशीहून लहान ते मोजलेले नाहीत, पण ते नाहीत असे आमचे म्हणणे नाही, हे आपले वाक्य ठरावात तसेच घेतले आहे.

बापूंच्या हळदीला दाखला मंजूर झाला. त्यावर चार हा आकडा आहे. गीताबाईंचे टरबुजाबाबतचे विधान मी वहीतून खोडलेले नाही. त्यापुढे "नंतर दुरुस्त" असे लिहिले आहे.

म्हसोबाचा कोपरा मात्र दाखल्यातून वगळला आहे. मी मोजला: नऊ फूट सहा इंच लांब, सहा फूट रुंद. वगळलेल्या तुकड्याला एक जबाबदार माणूस लागतो. त्याने ती माती उचलून न्यावी, किंवा ती पसरणार नाही हे दरवर्षी येऊन पाहावे आणि वहीत सही करावी. दाखलेदार स्वतः ही जबाबदारी घेऊ शकत नाही. म्हणून नकाशावर त्या तुकड्यापुढे आपले नाव घातले आहे. ठराव सहा विरुद्ध एक असा संमत झाला. विरोधी मत बापूंचे. तीन वर्षांत ते सभेत प्रथमच बोलले. ते म्हणाले, "पाहुण्याकडून माती उचलून घेणं बरं दिसत नाही."

आपला,
धम्मानंद


परभणी,
शनिवार, ७ डिसेंबर

सौ. गीतावहिनींस,
सादर नमस्कार.

श्री. धम्मानंद यांचे पत्र मिळाले. निर्णय मला मान्य आहे. बापूंच्या हळदीला दाखला मिळाला, हे वाक्य मी सुमंगलेला दोनदा वाचून दाखविले.

नकाशावरील माझ्या जबाबदारीनुसार माती उचलून नेण्याचा विचार केला. नऊ फूट सहा इंच गुणिले सहा फूट, खोली दीड फूट धरल्यास साडेपंच्याऐंशी घनफूट होते. ती परभणीत कोठे ठेवता येईल याची मी गेले दहा दिवस चौकशी करीत आहे.

कचरा उचलणाऱ्या कार्यालयात सांगितले की ते कचरा घेतात, माती घेत नाहीत. मी म्हणालो, हिच्यात कचरा आहे. ते म्हणाले, मग तो वेगळा करून आणा. महाविद्यालयाच्या बागेसाठी माती हवी होती. तिच्यात काय आहे हे मी सांगितल्यावर नको झाली. शहराबाहेरचे एक वीटभट्टीवाले आनंदाने घेण्यास तयार आहेत, परंतु भाजल्यावर त्याचा धूर होईल, आणि धूर कोठे गेला हे मला लिहून ठेवता येणार नाही. वसाहतीत ठेवण्याचा प्रश्नच नाही. यंत्र मी बंद करविले आहे. आता निर्माल्य हाताने निवडावे लागते: फूल एकीकडे, फुलासारखे दुसरीकडे. निवडण्यासाठी समिती नेमली आहे. समितीत मी एकटा आहे. दुसरीकडचा ढीग कोठे न्यायचा, हा प्रश्न समितीपुढे आहे.

थोडक्यात, ती माती नेण्यासारखी जागा मला मिळालेली नाही. या मातीची जागा चुकली आहे हे मला मान्य आहे. बरोबर जागा कोणती, हे कोणालाच माहीत नाही. तरी ती तूर्त आहे तेथेच राहू देण्याची परवानगी आपण आणि बापूंनी द्यावी, ही विनंती. भोवती दगडांची कड घालण्याचे काम मी स्वतः येऊन करीन. पावसाचे पाणी तेथून हळदीकडे वाहते की उलट, तेही पाहावे लागेल.

माझ्या मागील पत्रातील अखेरच्या वाक्यास आपले उत्तर आलेले नाही. त्याची घाई नाही.

आपला,
भुजंग


राणीसावरगाव,
१५ डिसेंबर

भाऊजी, नमस्कार.

ऱ्हाऊ द्या माती. पाणी हळदीकडनं तिकडं वाहतंय, हिकडं येत न्हाई, मी घागर वतून बघितलंय. कड घालायला तुमी येणार म्हणून मालक थांबले न्हाईत. गुडघ्याएवढाले दगड आणून दोन दिवसांत कड घातली. तुमचं ते साडेनऊ बाय सहा टेपनं मोजून घातलंय. तुमी आल्यावर परत मोजणारच, हे त्यांना ठाव हाय.

मी रागावले व्हते. आठ-दहा दिवस लय रागावले व्हते. एवढं जवळचं माणूस, आन् दोन ओळी लिहीना. मग सात रानांची माती चाळली तवा मी तिथं बसलेली व्हते. ज्यांचे सव्वीस निघाले ते चाळणीकडं बघत व्हते आन् त्यांची बायको त्यांच्याकडं. तवा मला वाटलं, तुमी टरबूज लिहिलं आसतं तर आमी सगळे आपापल्या रानात टरबूजच म्हणत बसलो आसतो. राग गेला असं न्हाई. कमी झालाय.

येळवस सोमवारी, ३० तारखेला हाय. दर वर्षीवाणी रानाची पूजा करून सगळं घर रानातच जेवणार. तुमी दोघं सकाळच्या गाडीनं या. भज्जी, आंबील, उंडे सगळं हाय. ताटं पितळीची काढलीत, पाणी तांब्यातनं. धम्मानंदभाऊबी येणार हाईत वही घेऊन, तुमची सही घ्यायला. त्यांना मी जेवूनच जा म्हणलंय. तर ते म्हणाले, आधी सही.

गावात त्या तुकड्याला आता भुजंगरावाचं रान म्हणायलेत. परवा एक जण इचारत व्हता, त्यात काय पेरलंय म्हणून.

तुमचे बापू चष्मा लावून शेजारीच बसलेत. लिहा म्हणलं तर न्हाई म्हणतात, तू लिही. त्यांनी सांगितलंय ते तसंच लिहिते. "भुजंगनं जलमात कधी वाटणी मागितली न्हाई. आता साडेनऊ बाय सहा त्याच्या नावावर झालीय. त्याला म्हणावं, कमी वाटली तर बोल."

तुमची वहिनी,
गीता